ढेकर समुद्राच्या नावावर

हॉलंडमधल्या हिल्केबाईंच्या गोठ्यात चाळीस गायी होत्या. एक दिवस पर्यावरणमंत्री गावात अवतरले. साऱ्या गावासमोर ते म्हणाले, “बाई, गायींच्या ढेकरांतल्या वायूनं पृथ्वी तापते. निम्म्या गायी विकून टाका.”

“मग साहेब, लोकांनी चीज कुठून आणायचं?”

“परदेशाशी आपला मैत्रीचा करार झालाय. तिकडून जहाजानं येईल!”

“जहाज धूर सोडत नाही वाटतं?”

“सोडतं, पण भर समुद्रात. तो आपल्या देशाच्या नावावर लागत नाही,” मंत्री ऐटीत म्हणाले.

“असं होय! मग मी सगळ्या गायी बोटीवरच बांधते. ढेकर समुद्राच्या नावावर लिहा, दूध तेवढं देशाच्या!”

गावकरी पोट धरून हसले. मंत्रीमहोदय या विषयाचा सखोल अभ्यास करण्यासाठी तातडीने राजधानीला रवाना झाले. हिल्केबाईंची एकही गाय विकली गेली नाही.