चाळीस मिनिटं

“एका कटोऱ्यातलं पाणी पाजलं की भांडण मिटतं होय, बाबा?”

प्रल्हाद ढाणे फकिराच्या दारातच उभा होता. गायरानावरून भांडलेल्या दोन गावांची माणसं नुकतीच तो कटोरा तोंडाला लावून टेकडी उतरली होती.

“गेल्या साली हीच माणसं प्याली. यंदा डोकी फुटलीच.”

“फुटली,” मेहबूबबाबा कटोरा विसळत म्हणाले. “पण काठ्यांनी. आधी कुऱ्हाडी यायच्या.”

म्हातारा गोड बोलून वेळ मारून नेतोय. असले म्हातारे प्रल्हादनं परदेशातही पाहिले होते. सुटाबुटातले. करारावर सही करायची, हात मिळवायचे आणि फोटो निघाला की विमान गाठायचं.

तो फौजेत नायक होता. दोन वर्षांमागं शांतिसेनेची निळी टोपी घालून परमुलखात राहून आला होता. आता पुन्हा विचारणा झाली होती. जायचं की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

“खुपतंय काय, ते बोल,” बाबा म्हणाले.

“आमच्या छावणीत दोन हजार माणसं होती. तारेच्या आत. त्यांच्या केसाला धक्का लागला नाही.”

“मग?”

“गेटाबाहेर तीसेक राहिली. मागं बंदूकवाले. गेट उघडायला वरचा हुकूम पाहिजे. आणि वरची मंडळी टेबलाभोवती बसून शब्द जुळवतायत. ‘चिंता’ लिहायचं का ‘तीव्र चिंता’. चाळीस मिनिटं...”

“हुकूम आला?”

“आला. तोवर बाहेर कुणी उरलं नव्हतं.”

प्रल्हादचा आवाज चढला. “असल्या दुकानात परत कशाला जाऊ? तुमचंही दुकान तेच म्हणा. शिधा दोन्ही गावांचा खायचा, आणि वेळ आली की डोळे मिटायचे. ह्याच गायरानापायी इठू धनगराला ह्या टेकडीवर ठेचून मारला, तेव्हा कुठं होता तुम्ही?”

“इथंच. तो दार वाजवत होता. मी आतून कडी लावली.”

प्रल्हादनं पुढची शिवी तयार ठेवली होती. ती तोंडातच राहिली.

“...का?”

“दोन्ही गावांना मी आपला वाटायला पाहिजे होतो.”

बाबा उठले. त्यांनी त्याचा हात धरून दाराच्या फळीवर ठेवला. कडीच्या जागी खिळ्यांची नुसती भोकं होती.

“आणि तरी बसलात इथं? लाज नाही वाटत?”

“वाटते. रोज.”

प्रल्हादचं बोट भोकावरून हलेना.

“त्या गेटाची किल्ली कुणाकडं होती, प्रल्हाद?”

खाली दोन्ही गावांची माणसं वेगवेगळ्या वाटांना लागली होती. तो त्यांच्याकडं बघत राहिला.

“...माझ्याकडं.”

बाबांनी कटोरा पुन्हा भरला आणि त्याच्या हातात दिला.

“जा. आणि ड्यूटी गेटावरचीच मागून घे.”