निनादची पाटी

"एकच रोप नेलं, माई, तर जुगाई कोपेल का?"

माई फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"एकच," सुकुमार पुन्हा म्हणाला. "तेही लांब कुठं नाही. इथून पलीकडं, आपल्याच माळावर लावायचं."

माईनं सोललेली आठळी परातीत टाकली आणि दुसरी घेतली...

जुगाई देवीच्या राईतून काही बाहेर जात नाही, हे त्या डोंगरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाटेवर वाळकी फांदी पडली तर लोक तिला ओलांडून जात, उचलत नसत. देवळाची तुळई मोडली तेव्हा गावानं ती खालच्या बाजारातून विकत आणली. देवळाच्या मागं एक अख्खं झाड आडवं झालं होतं, ते तिथंच कुजू दिलं.

त्या राईच्या कडेला माईची झोपडी. माई कुठून आली, कुणाची शिष्या, हे कुणी विचारलं नाही. लोक सल्ला घ्यायला येत आणि बहुतेक वेळा आठळ्या सोलून परत जात.

सुकुमार मगदूम मात्र परत गेला नव्हता. कोल्हापुरातल्या कॉलेजातली नोकरी सोडून तो माईकडं आला होता, मन शांत करायला. माईनं त्याला राईशेजारचा उघडा माळ दाखवला. "हितं बी पूर्वी राईच हुती," एवढंच म्हणाली.

सुकुमारनं त्यातून उपदेश काढला आणि उपदेशातून संस्था काढली. शहरातल्या माणसानं देणगी द्यायची, आणि त्याच्या नावानं या डोंगराचंच झाड माळावर लागायचं. जांभूळ, हिरडा, अंजनी, रानजायफळ. झाडापुढं बांबूची काठी, काठीवर नावाची पाटी. मन शांत झालं की नाही ठाऊक नाही, पण माळ पाट्यांनी भरला.

"कुठलं रोप?" माईनं विचारलं.

"रानजायफळ. देवळामागं, त्या आडव्या खोडाला खेटून उगवलंय. माझ्या खांद्याला लागतं."

"मापून आलास?"

सुकुमारचा हात आपोआप खांद्यावर गेला.

"टिकाव बी घिऊन आलास. पोतं बी." माई हसली. "इचारायला आलायस का सांगायला?"

त्यानं पोत्याची घडी पाठीमागं धरली. टिकाव लपण्यासारखा नव्हता.

"माई, थट्टेची वेळ नाही हो. बाई निघाल्यात. पोचतीलच एवढ्यात."

"कोन बाई?"

"धारवाडकर बाई. सांगलीच्या."

आणि मग त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, घाटाच्या वळणाकडं बघत बघत.

बाईंना एकच मुलगा होता, निनाद. तो अपघातात गेला, तेव्हा कॉलेजात होता. त्याच्या नावानं बाईंनी एक रानजायफळ लावायला सांगितलं. पाटीवर 'कैलासवासी' लिहू दिलं नाही. नुसतं 'निनाद' लिहा म्हणाल्या. मधूनमधून त्यांचा फोन यायचा आणि फोनवर एकच प्रश्न असायचा, "केवढं झालं?" सुकुमार सांगायचा, गुडघ्याला लागतं. मग कमरेला लागतं. परवा तो म्हणाला, खांद्याला लागतं. त्यावर बाई म्हणाल्या, मग मी येतेच.

"त्या दोरा घेऊन येतायत, माई," सुकुमार म्हणाला. "घरात दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या खुणा आहेत. शेवटच्या खुणेएवढा दोरा तोडलाय त्यांनी. झाडाला लावून बघायचाय म्हणे, अजून किती उरलंय ते."

माईचे हात थांबले.

"आन् झाड केवढं हाय?"

सुकुमारनं पुन्हा घाटाकडं बघितलं.

"केवढं हाय रं?"

"नाहीच आहे ते."

"कवा गेलं?"

"पहिल्याच उन्हाळ्यात..."

सुकुमार तसा खोटारडा माणूस नव्हता. खोटं बोलताना त्याचा चेहरा लाल व्हायचा, म्हणून तो बोलण्याऐवजी झाडं बदलायचा. एखादं रोप वाळलं की गुपचूप उपटायचं आणि त्याच पाटीमागं दुसरं लावायचं. फोनवर मात्र त्याला बरं जमायचं, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. 'आमच्या रानात झाड मरत नाही' असं तो व्याख्यानात सांगे, आणि ते ऐकून पुढच्या रांगेतल्या माणसांचे डोळे पाणावत. निनादच्या पाटीमागं मात्र त्याची मात्रा चालली नाही. तिथं दुसरं रोपही वाळलं, आणि तिसरंही.

"आमच्या रानात झाड मरत नाही, असं सगळ्या जगाला सांगून बसलोय मी," तो म्हणाला.

"मग ते रान न्हवं."

सुकुमारला ते लागलं. त्याचा आवाज चढला.

"तुम्हाला इथं बसून बोलायला सोपं आहे, माई. ती आई आहे. एकदा पोर गेलं, आता पुन्हा गेलं, असं सांगू तिला? मरणाची बातमी मी कुठल्या तोंडानं देऊ?"

"ती बातमी तिला हाय."

राईत कुठंतरी एक पान गळालं. ते फिरत फिरत खाली आलं.

आणि खालून, घाटाच्या शेवटच्या वळणावरून, रिक्षाचा आवाज आला.

रोप खणायला किती वेळ, न्यायला किती, खड्डा भरायला किती, याचा हिशेब सुकुमारनं सकाळपासून मनात करून ठेवला होता, तो सगळा उधळला. तो माईसमोर उकिडवा बसला.

"हो म्हणा, माई. नाहीतर नाही म्हणा. पण काहीतरी म्हणा."

"हो."

तो बघतच राहिला. खरं तर त्याला नकाराची खात्री होती. नकार मिळाला असता तर भांडता आलं असतं.

"नेऊ?"

"ने की. जुगाईचं मी बघून घेते. पर आदी पाटी आन."

"पाटी कशाला?"

"लावून बघू की, कशी दिसतीया."

टिकाव आणि पोतं तिथंच टाकून सुकुमार पळाला. राईच्या बाहेर पाऊल पडताच ऊन डोक्यावर आदळलं. त्याचा माळ नेहमीसारखा लख्ख होता. गवताची काडी नाही, झुडूप नाही. झाडांच्या आळ्यांभोवतीचे दगड चुन्यानं रंगवलेले, आणि ओळीनं चमकणाऱ्या पाट्या. पाहुण्यांना हे फार आवडायचं. निनादच्या पाटीमागं एक वाळकी काडी उभी होती. तिच्याकडं न बघता त्यानं काठीवरून पाटी सोडवली, पाटीला बांधलेली तार तशीच राहू दिली आणि तो उलट पळत सुटला.

रिक्षाचा आवाज थांबला होता. म्हणजे बाई आता पायवाटेला लागल्या असणार.

"घ्या," तो धापा टाकत म्हणाला. "चला, लवकर."

माईनं पाटी हातात घेतली. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिवलंय?"

"निनाद."

"ब्येस नाव हाय."

आणि तिनं ती तार त्याच्या डोक्यावरून घालून पाटी त्याच्या गळ्यात अडकवली.

"माई! हे काय?"

माई दोन पावलं मागं सरकली. रोपवाटिकेत गिऱ्हाईक बघतं तसं तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. सुकुमारच्या अंगात संस्थेचा हिरवा सदरा होता.

"उंची हाय," ती म्हणाली. "हिरवा हाय. जित्ता बी हाय." मग मान हलवली. "चालंल."

"काढा हे... काढा, माई!"

"का रं?"

उन्हात तापलेली पाटी सदऱ्यातून सुकुमारच्या छातीला चटका देत होती. तो तार ओढायला लागला, पण ती कॉलरीत अडकली होती आणि बोटं घामानं घसरत होती. ज्या नावाची त्यानं इतकी काळजी घेतली होती ते आता त्याला अंगावर सहन होत नव्हतं.

"मगदूम सर?"

बाई पायवाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या. बुटक्या, चढानं दमलेल्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. त्यांनी आधी त्याचा चेहरा बघितला. मग पाटी बघितली.

सुकुमारनं पाटीवर हात ठेवला. पाटी हातापेक्षा मोठी होती.

"हे... तुमच्या गळ्यात का?"

त्यानं माईकडं बघितलं. माई खाली पडलेलं पोतं उचलून झटकत होती. तिला जणू कुणाशीच देणंघेणं नव्हतं.

सकाळपासून त्यानं कितीतरी वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही आलं नाही.

"झाड नाही, बाई."

"नाही म्हणजे?"

"गेलं. पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. नंतर लावली तीही गेली. मी फोनवर सांगत होतो ते... तसं काही नव्हतं. कधीच नव्हतं."

बाई रडतील, नाहीतर तोंडात मारतील, असं त्याला वाटलं. दोन्हीला तो तयार होता. बाईंनी त्यातलं काहीच केलं नाही.

"जागा दाखवा," त्या म्हणाल्या.

तो पुढं, त्याच्या मागं बाई, आणि सगळ्यांच्या मागं पोतं खांद्यावर टाकून माई. राईचा गारवा संपला आणि माळ लागला. पाट्यांच्या ओळींमधून जाताना सुकुमारला वाटलं, आज हा माळ संपणारच नाही. मागं बाईंच्या चपलांचा आवाज येत होता, तो थांबावा असंही त्याला वाटत होतं आणि थांबू नये असंही.

"इथं," तो म्हणाला.

बाईंनी त्या काडीकडं बघितलं. मग त्या तिथंच मातीत बसल्या. पर्समधून त्यांनी दोरा काढला. पांढरा, साधा, शिवणाचा दोरा, बोटांभोवती गुंडाळलेला. तो त्यांनी उलगडला नाही. मुठीत धरून ठेवला.

"कशानं गेलं?"

"उन्हानं." सुकुमारनं आता काडीकडं बघितलं. "याला लहानपणी ऊन सोसत नाही. भोवती कारवीची झुडपं होती, छातीएवढी. त्यांच्या सावलीत ते जगलं असतं. मी ती सगळी काढून टाकली."

"का?"

"फोटोत पाटी दिसत नव्हती."

बाईंनी मुठीतला दोरा दुसऱ्या हातात घेतला.

"फोटो मीच मागितला होता," त्या म्हणाल्या.

सुकुमारला म्हणायचं होतं, तसं नाही बाई, तुमचा काय दोष. पण आजवर त्यानं त्यांना धीर द्यायला जे जे सांगितलं ते सगळं खोटं निघालं होतं. आता हेही त्यांनी खरं का मानावं? तो नुसता उभा राहिला. गळ्यातली पाटी काढायची त्याला आठवण राहिली नव्हती.

बाईंनी काडीच्या बुडाशी तळवा टेकवला आणि चटकन मागं घेतला. माती तापली होती. मग पुन्हा टेकवला, आणि या वेळी तसाच ठेवला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो त्यांनी पुसला नाही.

"आता इथं काय लावणार?" त्यांनी वर बघत विचारलं.

हा प्रश्न सुकुमारच्या पाठांतरातला होता. कुठल्या मातीत कुठलं झाड, यावर तो तासभर बोलू शकला असता. पण त्या डोळ्यांकडं बघून त्याला भीती वाटली, की आपण पुन्हा काहीतरी कबूल करू आणि पुन्हा ते मरेल. तो मागं वळला.

"माई..." तो म्हणाला. "सांगा ना, माई. काय लावू इथं?"

माईनं खांद्यावरचं पोतं काढून त्याच्या हातात दिलं.

"बाई उन्हात बसल्यात, लेका. आदी हे धर त्यांच्यावर."