चौथ्या मिनिटाचा सांधा

“मग चौथ्या मिनिटाला टेप कुणी कापली, मास्तर?”

उदयन पेठेने हेडफोन टेबलावर ठेवला, जरा आपटूनच.

वेर्लेकर मास्तर चहात पाव बुडवत होते. याच पालोमा स्टुडिओत त्यांनी तीस वर्षं जाझच्या रेकॉर्डी केल्या. उदयनला काम शिकवलं तेही त्यांनीच. आता उदयन स्टुडिओचा इतिहास लिहीत होता आणि पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. पहिलंच प्रकरण आल्वारोच्या सॅक्सोफोनवर: अकरा मिनिटं, एका दमात, टेपला कुठेही ब्लेड न लावता. रेकॉर्डच्या पाकिटावरही तसंच छापलेलं.

आज मूळ टेप ऐकताना मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या कानांचा त्याला भारी अभिमान. कान खरोखरच चांगले होते, हीच पंचाईत.

“मी कापली,” मास्तर म्हणाले.

 त्यांनी साफ नाही म्हणावं, अशी उदयनची फार इच्छा होती.

“आम्हाला ब्लेडला हात लावू देत नव्हतात! आणि आल्वारो चुकला तेव्हा गुपचूप झाकलंत?”





मास्तर उठले. कपाटातून बिस्किटांचा डबा काढून त्यांनी टेपची लहानशी गुंडाळी उदयनच्या हातात ठेवली.

“कापलेला तुकडा. लाव.”

उदयन चूक पकडायला डोळे मिटून बसला. एकदा ऐकलं. दोनदा. तिसऱ्यांदा.

वीस सेकंद सॅक्सोफोन. एक सूर इकडचा तिकडे नाही.

मग त्याने मूळ टेपवर त्या जागी जोडलेलं, दुसऱ्या खेपेचं वादन ऐकलं. तिथे आल्वारोचा श्वास अपुरा पडत होता, एक सूर चक्क घसरत होता. इतक्या वर्षांत उदयनला ते कधी खटकलं नव्हतं.

त्याने मास्तरांकडे रोखून पाहिलं.

“तुकडा बदलून तर दिला नाहीत?”

“सांधा जुळवून बघ.”

त्याने तुकड्याची टोकं मूळ टेपच्या कापलेल्या टोकांशी जुळवून पाहिली. तंतोतंत बसली.

“म्हणजे चांगलं कापून चुकलेलं जोडलंत?” त्याला रडू येईलसं झालं. “का, मास्तर? यात एकही चूक नाही!”

मास्तरांनी हात पुसले आणि काचेपलीकडच्या वादकांच्या रिकाम्या खोलीकडे बोट दाखवलं.

“तेवढा वेळ तो काचेतून माझ्याकडे बघत, मला आवडतंय का ते पाहत वाजवत होता.”