शिंपी पक्ष्याची पिशवी

रानातल्या झाडांना अजून कुणी मालक नव्हता, तेव्हाची गोष्ट. करंजाच्या झाडावर एक शिंपी पक्षी राहायचा. त्याची शिवण इतकी हलकी, की टाका कधी पडला ते पानालाही कळू नये. एकदा त्याने पानाची पिशवी शिवली आणि सगळ्या रानाला बोलावून विचारलं, "कशी वाटते?"

हत्ती म्हणाला, "छान आहे, फक्त मोठी हवी." मोर म्हणाला, "छानच! पण काठ हवा." माकड म्हणालं, "दोन बंद लाव, मग बघू." खार तेवढी एक शब्द न बोलता निघून गेली. 'शिष्ट कुठली!' शिंपी मनात म्हणाला.

त्याने सगळ्यांच्या मनासारखी दुसरी पिशवी शिवली. ती वाढली, नटली आणि फांदीलाच लटकत राहिली; कुणी नेली नाही. वैतागून त्याने पहिली साधी पिशवी खाली भिरकावली आणि शिवणकाम सोडायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी खार तणतणत आली. "अहो शिंपीदादा, तुम्ही खाली टाकलेल्या पिशवीची ही शिवण उसवली! वेलीने बांधून कशीबशी वापरतेय. पिल्लं भुकेली आहेत, आधी एवढी सांधून द्या!"

शिंप्याने ती मळकी, झिजलेली पिशवी पाहिली. आपलं काम इतकं सुंदर त्याला कधीच दिसलं नव्हतं. शेवरीच्या कापसाचा दोरा ओवत त्याने विचारलं, "मग त्या दिवशी गप्प का बसलीस, बाई?"

"बोलणार कशी?" खार म्हणाली. "तोंडात दाणे होते ना!"