साळू कुंभारणीचा बिनवकिली दावा

"तीन दिवस!" निंबगडचे राजे गरजले. "तीन दिवसांत दाव्याची प्रत इनामदाराच्या हातात पडली पाहिजे. आणि ती मिळाली, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. नाहीतर दावा रद्द!"

साळू कुंभारीण हात जोडून उभी होती. दावा तसा साधाच. ओढ्याकाठच्या खाणीतली माती कुंभारवाड्याने सात पिढ्या वापरली. यंदा रंगराव इनामदाराने त्या खाणीला काटेरी कुंपण घातलं आणि म्हणाला, खाण माझी! आता माती नाही तर चाक नाही, आणि चाक नाही तर कुंभाराघरची चूल नाही. इनामदाराविरुद्ध उभा राहायला एकही वकील तयार होईना, म्हणून साळू स्वतःच उभी राहिली.

"महाराज, इनामदारसाहेब कागद हातात घेतच नाहीत," ती म्हणाली. "आजवर कितीजणांचे दावे त्यांच्या उंबऱ्यावरच मेले. मी अडाणी बाई. थोडी सवलत द्या."

"सवलत? मुळीच नाही!" राजे माणूस भले, पण नियमाचं नाव काढलं की दगड. "वकिलाशिवाय आलीस ना? मग वकिलाचं सगळं काम तुझ्या डोक्यावर!"

"डोक्यावर ओझं घ्यायची सवय आहे, महाराज. पण ओझं केवढं ते तरी कळू द्या. नियम एकदा वाचून दाखवा."

कारकुनाने नाक मुरडत बावीसच्या बावीस नियम वाचले. साळूने डोळे मिटून ऐकले. मग देवळातल्या गुरवाकडे जाऊन तिने दाव्याच्या दोन प्रती लिहून घेतल्या. एक कचेरीत दिली. कारकुनाने ती बंद करून वर लाखेची मोहोर केली. दुसरी प्रत इनामदारासाठी.

पहिल्या दिवशी ती इनामदाराच्या दारी गेली. गडी म्हणाला, "साहेब परगावी गेलेत."

तेवढ्यात आतून साहेबांचा खोकला ऐकू आला.

"खोकला घरीच ठेवून गेले होय?" साळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब पूजेत होते. सकाळी पूजेत, दुपारी पूजेत, दिवेलागणीलाही पूजेतच! "देव दमला असेल रे बाबा," असं म्हणून साळू परतली.

तिसऱ्या दिवशी मात्र ती बैलगाडीत रांजण घालून आली. कुंपण घालायच्या आधीच इनामदाराने तो उन्हाळ्यासाठी सांगून ठेवला होता. साळूने प्रत रांजणाच्या गळ्यात आतून दोऱ्याने अडकवली होती. आणि रंगरावाची खोड साऱ्या गावाला ठाऊक! भांडं घ्यायचं तर दुसऱ्यावर भरवसा नाही. स्वतः बोटाने वाजवणार, स्वतः आत हात घालून चीर चाचपणार.

गड्याने रांजण आत नेला. साळू दाराबाहेर थांबली. आतून ठण ठण आवाज आला. मग कागद सळसळला. मग कुणीतरी खुसुखुसू हसलं.

गडी बाहेर आला. "रांजण पसंत आहे. आणि साहेबांनी सांगितलंय, आत काही नव्हतं."

"मी विचारलं होतं का रे?"

गडी दार लावून आत पळाला. पण गड्याच्या बोलण्याचा काय उपयोग? राजांना तर खुद्द इनामदाराच्या तोंडचं हवं होतं!

चौथ्या दिवशी दरबार भरला. दावा बुडताना बघायची मजा रंगरावाला चुकवायची नव्हती. तोही मिशा पिळत आला. "गावात बोभाटा झालाय म्हणून आलो, महाराज. मला कागदबिगद काही मिळालेला नाही. शपथेवर सांगतो!"

"मग संपलं," राजे म्हणाले. "साळू, तुला काही म्हणायचंय?"

साळूने पदर डोळ्यांना लावला. "काय म्हणू, महाराज? वाईट एवढंच वाटतं, कागद किती छान झाला होता! मोठ्या वकिलाला चूक सापडली नसती. खाणीच्या चार बाजूंना काय काय आहे, ती चतुःसीमा तर अशी बिनचूक सांगितली होती, की..."

"बिनचूक?" रंगराव फिसकन हसला.

"हो तर! पश्चिमेला ओढा..."

"ओढ्याचं सोड! पूर्वेला काय लिहिलंयस? माझा म्हशींचा गोठा? अगं, घोडशाळा आहे ती! अकरा घोडे आहेत माझे! महाराज, हिची चतुःसीमाच चुकलीय. दावा असाही बाद आणि तसाही..."

आणि तिथेच त्याने जीभ चावली.

"रंगराव," राजे हळूच म्हणाले, "न मिळालेला कागद तुम्ही वाचलात कसा?"

"मी... मी कचेरीतली प्रत पाहिली!"

कचेरीतली प्रत आणली. मोहोर जशीच्या तशी होती. कारकुनाने ती फोडून वाचलं, "पूर्वेस रंगराव इनामदार यांची घोडशाळा."

"गोठा फक्त त्यांच्या प्रतीत होता, महाराज," साळू म्हणाली. "घोडे त्यांना जिवापेक्षा लाडके. म्हटलं, गोठा वाचल्यावर हे काही गप्प बसायचे नाहीत!"

राजांच्या मिशीखाली हसू आलं होतं. पण नियम! "थांब! दोन्ही प्रती शब्दाला शब्द जुळायला हव्यात. नियम नववा!"

"आणि पंधरावा, महाराज? प्रतीतली चूक दाव्याच्या पहिल्या तारखेला दुरुस्त करता येते. आज पहिलीच तारीख. गोठा खोडा, घोडशाळा लिहा! आणि विसावाही ऐका. शपथेवर जो खोटं बोलेल, त्याची बाजू पुढे ऐकायची नाही."

राजांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने भराभर पानं उलटली आणि बिचाऱ्याने मान डोलावली.

"तुला तर वाचता येत नाही!" राजे चकित झाले.

"म्हणूनच तर, महाराज! वाचता येणारा सगळं कागदावर ठेवतो आणि विसरतो. मला ठेवायला डोक्याशिवाय जागा कुठाय?"

राजे असे हसले, असे हसले, की पागोटं कानावर आलं! खाण त्यांनी कुंभारवाड्याच्या नावे करून दिली. कुंपण इनामदाराने स्वतःच्या हातांनी काढायचं ठरलं. साळूला जरीचं लुगडं मिळालं, वर वर्षाचं धान्य आणि कचेरीच्या ओट्यावर मानाची जागा.

"यापुढे वकिलाशिवाय येईल त्याला आधी साळूबाईकडे पाठवा," राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि साळूबाईच्या विरोधात कुणी उभा राहणार असेल, तर त्याला म्हणावं, वकील दोन कर!"