डावा कान

“मग त्या कायद्याचं सार काय म्हणायचं, जयवंता?”

अंबादासबुवा वाल सोलत बसले होते. खाडीकाठच्या त्या मठात सकाळी वाल सोलले जात आणि उपदेशही तेवढ्यातच उरकला जाई.

प्रश्न होता जयवंत टिल्लू वकिलांना. लोकांच्या खासगी माहितीचं रक्षण करणारा कायदा आल्यापासून टिल्लूंना भाषणांतून सवड नव्हती. आजही संध्याकाळी पुण्याला भाषण होतं. एरवी या प्रश्नावर ते तासभर बोलले असते. पण आज त्यांच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं वालाचं नव्हतं.

“ज्याची माहिती, त्याची मालकी,” ते तुटकपणे म्हणाले. “त्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. घ्यायची तर गरजेपुरतीच. ज्या कामाला घेतली, त्याच कामाला वापरायची. आणि या कानाची त्या कानाला कळू द्यायची नाही.”

“वा. आवडला मला कायदा,” बुवा म्हणाले.

अंगणात दीनानाथ निगुडकर पेटी पुसत बसला होता. त्याच्याकडे नजर गेली आणि टिल्लूंच्या कपाळावरची शीर उडाली.

मठाची एक रीत होती. गुरुवारी आरती झाली की ज्याला मनातलं काही सांगायचं असेल त्यानं पुढे यावं, आणि बुवा जो कान पुढे करतील त्यात हळूच सांगावं. बुवा निगुडकरला उजवा कान देत. टिल्लूंना डावा. टिल्लूंची मठात वीस वर्षं झाली होती आणि निगुडकर तर परवा परवा आलेला. कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक कंपनीचा पेटीवाला! कानामागून आला आणि तिखट झाला, असं टिल्लू बायकोला रोज ऐकवत. ती बिचारी आता हूंसुद्धा म्हणत नसे.

त्यात गेल्या आठवड्यात आगीत तेल पडलं. बुवांना कान दाखवायला तालुक्याला नेलं, तेही निगुडकरनंच. तिथल्या दवाखान्यातला तपासणारा निघाला टिल्लूंचा जुना अशील. त्याला चहा पाजून टिल्लूंनी बुवांच्या कानांची सगळी कुंडली काढून घेतली.

“बुवा, एक विचारू?”

“विचार की.”

“तुमचा डावा कान बहिरा आहे.”

बुवांची बोटं थांबली.

“हा काही प्रश्न नव्हे,” ते म्हणाले.

“लहानपणापासून ठार बहिरा! उजवा धड आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच. आणि तोच कान तुम्ही मला देत आलात. वीस वर्षं! त्या पेटीवाल्याला मात्र ऐकणारा कान. असं काय सांगतो तो तुम्हाला?”

“ते त्याचं.”

“बघा! त्याचं एवढं जपता... आणि माझं?”

टिल्लूंचा आवाज चिरकला. सगळी वकिली गळून पडली.

“पहिल्याच गुरुवारी तुमच्यापुढे रडलो होतो मी. धाकट्या भावाचं ठरलेलं लग्न मी मोडलं, बुवा. त्याला फिट्स येतात, हे मुलीकडच्यांना मी गुपचूप कळवलं. का? तर त्याला माझ्यापेक्षा चांगलं स्थळ आलं, ते मला बघवलं नाही... बायकोलासुद्धा कधी बोललो नाही, ते तुम्हाला सांगितलं. हलका होऊन घरी गेलो. आणि तुम्ही... तुम्ही ऐकलंच नव्हतंत?”

आपण ओरडतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी दचकून अंगणाकडे पाहिलं.

निगुडकर त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. त्यानं पेटी पुढे ओढली, भाता सोडला आणि वाजवू लागला. सूर धड लागला नव्हता, पण वाजवत होता चांगलाच मोठ्यानं.

टिल्लूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातही त्यांना राग आला, की हा माणूस इथेही चांगला ठरला.

“जयवंता,” बुवा म्हणाले, “तुला सांगायची गरज होती. मला ऐकायची नव्हती.”

“आणि निगुडकरचं ऐकायची आहे?” टिल्लूंच्या तोंडून निघूनच गेलं. मत्सर काही इतक्यात मरत नाही.

बुवांनी वालांचं ताट बाजूला सारलं. हात पंच्याला पुसले. मग हळूच मान वळवून त्यांनी डावा कान टिल्लूंच्या तोंडाजवळ आणला.

पेटी वाजतच होती.

“बोल,” ते म्हणाले. “माझ्या या कानाचं तुला कुणी सांगितलं... ते इथे सांग.”