रिकामी खुंटी

खूप खूप वर्षं झाली त्याला. समुद्राला तेव्हाही भरती-ओहोटी यायची, आणि जनावरं मनात आलं तर माणसांशी चार शब्द बोलायची.

कोकणात खाडीकाठच्या एका गावी इस्रायली तेल्यांची वस्ती होती. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा देवाचा विसाव्याचा दिवस, पाळायचा म्हणून शनिवारी ते घाणा जुंपत नसत. त्यामुळे सारा मुलूख त्यांना शनवारतेली म्हणे.

त्या वस्तीत शेगुलाबाई राहायची. शुक्रवारी सूर्य कलला की ती बैल सोडायची. तेलकट लुगडं घाण्याच्या पडवीतल्या खुंटीवर टांगायची, न्हाऊन पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि मगच घरात पाऊल टाकायची. देवाच्या दिवसाला कामाच्या कपड्याचा वास लागू नये, हा तिचा नेम. हात तर असा सढळ, की दारी आलेला कुणी रिकाम्या भांड्याने परत गेला नाही.

पण जीभ! दिवसभर बैलाला हाकताना वापरायची, तीच जीभ घेऊन ती घरात यायची.

एका शुक्रवारी तिच्या सुनेने, सिपोराने, शब्बाथच्या दिव्याची वात जरा जाड वळली. दिवा धुरकटला. पाहुण्यांसमोर शेगुलाबाई म्हणाली, “एवढं तर आमचा घाण्याचा बैलही शिकला असता.”

सिपोराने मान खाली घालून पाहुण्यांना वाढलं. शब्बाथ म्हणून दुसरा दिवस थांबली आणि रविवारी पहिल्या होडीने खाडीपलीकडे माहेरी निघून गेली. मुलगा आणायला गेला, तो एकटाच परतला. तिने निरोप दिला होता, “यायचंय मला. पण माणूस म्हणून येईन, बैल म्हणून नाही.”

घर ओकंबोकं झालं. शेगुलाबाईला घास गिळेना. तिने नवस बोलला, की सून परत आली तर नवं लुगडं नेसून नवसाला पावणाऱ्या नबीच्या, एलियाहू हन्नाबीच्या, नावाने मलिदा करीन. मग लुगडं कोणत्या रंगाचं घ्यावं हे विचारायला ती वस्तीतल्या वडीलधाऱ्या हासाजीबाबांकडे गेली.

म्हातारा मिश्कील हसला. म्हणाला, “पोरी, नबी तुझं लुगडं बघणार नाही. देवाने आत्म्याला तीन वस्त्रं दिलीत. विचार, बोलणं आणि करणं. आत्मा उघडा कुणालाच दिसत नाही, माणूस दुसऱ्याला दिसतो तो या वस्त्रांतूनच. तुझं मन निर्मळ आहे. तुझे हात गावाला ठाऊक आहेत. पण मधलं वस्त्र तू लग्न झाल्यापासून धुतलेलं दिसत नाही.”

“ते कुठल्या पाण्यात धुवायचं, बाबा?”

“आधी अंगावरून उतरव तर खरं.”

शुक्रवार आला. बैल सोडता सोडता शेगुलाबाई हे सगळं स्वतःशीच पुटपुटत होती. तेव्हा बैलाने मान वळवली.

“धनीणबाई, मला उद्या सुट्टी. कामाला सुट्टी आणि तुमच्या बोलण्यालाही सुट्टी. त्या पोरीला ती कधी मिळाली?”

शेगुलाबाई चपापली. तिने लुगडं खुंटीवर टांगलं. शेजारची खुंटी रिकामी होती. तिथे जणू दुसरं काही टांगते आहे असा तिने हात लावला आणि म्हणाली, “आजपासून घाण्याचं बोलणं इथे.”

झालं असं, की घरात येऊन तोंड उघडावं तर आत शब्दच नाही! घाण्याचं बोलणं बाहेर टांगलेलं, आणि घरातलं असं काही कधी शिवलेलंच नव्हतं. सारा शब्बाथ बाई मुकी बसून राहिली. नवऱ्याने नाडी पाहिली, मुलाने पाठीला शेक दिला. शेगुलाबाईची वाचा गेल्याची बातमी रविवारच्या पहिल्याच होडीने खाडीपार गेली.

इकडे तिने सकाळीच एक युक्ती काढली. शेजारची मिलका फार गोड बोलायची. कोंबड्यांनासुद्धा राजसबाळा म्हणायची. तिच्या कुंपणाशी उभं राहून शेगुलाबाईने तिचे शब्द पाठ केले.

दुपारी दारात सिपोरा उभी. हातात काढ्याचं भांडं, डोळ्यांत काळजी. ती काही उंबरठा ओलांडेना.

शेगुलाबाई लगबगीने पुढे झाली. “ये गं, माझ्या सोनपाखरा, दुधावरच्या सायी!”

सिपोरा दोन पावलं मागे सरली. मग हळूच हात पुढे करून तिने सासूच्या कपाळाला लावला. “आई, तुम्हाला ताप चढलाय.” आणि वैद्याला बोलवायला ती वळलीसुद्धा. पडवीत बैल हंबरल्यासारखा हसला.

मिलकाचे शब्द शेगुलाबाईच्या अंगावर, दुसरीची चोळी घातल्यासारखे, खांद्यात काचत होते. सून पुन्हा चालली हे दिसलं, तेव्हा तिने ते सोडून दिले आणि जे मनात होतं ते तसंच बोलली.

“थांब. ताप नाही मला. उन्हातून आलीस, पाय पोळले असतील. बस आणि पाणी पी.” तिने पाट पुढे सरकवला. “मी फार वाईट बोलले गो. तू नसताना दिवा मी लावला. वात बारीक होती, धूर नव्हता. पण उजेडच पडला नाही घरात.”

आवाज तोच होता, जाडाभरडा. पण त्याला घाण्याचा वास नव्हता.

सिपोरा रडता रडता हसली. “या बोलल्या खऱ्या माझ्या सासूबाई,” म्हणाली आणि उंबरठा ओलांडून आत आली.

पुढचा शब्बाथ संपला तशी मलिद्याची परात मांडली गेली. पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं. नवसाचं लुगडं नेसून शेगुलाबाई बसली खरी, पण त्याचा रंग कुणाच्या ध्यानात राहिला नाही. लोक घरी गेले ते तिचं बोलणं आठवत. हासाजीबाबा म्हणाले, आज नबी पोटभर जेवून गेला असणार.

ती खुंटी मात्र रिकामीच राहिली. पुढे शेगुलाबाई रोज घरात येताना तिला हात लावू लागली. वस्तीतली पोरं विचारायची, आजी, इथे काय टांगलंय? ती सांगायची, माझी जुनी जीभ. हळूहळू बैलालाही ती बरं बोलू लागली, आणि बैल म्हणे न हाकताच फिरू लागला.

तात्पर्य: बोलणं हे आत्म्याचं वस्त्र आहे, ते उसनं नको, आपलंच असावं, पण रोज धुतलेलं असावं.